काळीने मिरची खाल्ली

आमच्या गल्लीत बँकेतल्या एका साहेबांचं बिऱ्हाड भाड्याने राहायचं. त्यांची बदली कोकणात झाली. ट्रकमध्ये सामान चढत होतं, तेवढ्यात त्यांची बायको भाजीचं एक प्लास्टिकचं क्रेट दोन्ही हातांत धरून माझ्या दारात आली. क्रेटवर जुनी ओढणी टाकलेली होती.

"सिस्टर, एवढा लांबचा प्रवास ह्यांना झेपायचा नाही," ती म्हणाली. "दोघी बहिणी आहेत. मुलीसाठी पुण्याहून आणल्या होत्या. काही त्रास नाही देत. पोळी, भात, बिस्किट, जे द्याल ते खातात. तुम्ही सिस्टर होतात, तुम्हीच सांभाळाल."

घाटनांदुरात मला सगळे सिस्टरच म्हणतात. तीस वर्षं मी आरोग्य खात्यात एएनएम होते. त्यातली बरीचशी वर्षं जवळच्याच एका खेड्यातल्या उपकेंद्रात गेली. बाळंतपणं केली, लशी टोचल्या, घरोघर फिरून लेकरांची वजनं घेतली. निवृत्त होऊन दुसरं वर्ष लागलं होतं आणि सकाळी सहाला उठून करायचं काय, हा प्रश्न मला रोज पडायचा. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण बाईच्या मागे तिची मुलगी रडत उभी होती. मी क्रेट घेतलं.

आत दोन गिनीपिग होते. एक काळी कुळकुळीत, नाकावर पांढरा ठिपका. दुसरी तांबडी आणि पांढरी. मुलीने त्यांना ठेवलेली नावं इंग्रजी होती आणि मला ती म्हणता येईनात. त्या दिवसापासून एक काळी आणि एक तांबडी.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. तेही निवृत्त. ते शेतातून आले आणि क्रेटमध्ये वाकून बघत म्हणाले, "हे उंदीर कावून आनले घरात?"

"उंदीर नाहीत हो. शेपूट कुठंय?"

त्यांनी खरंच शेपूट शोधलं. "शेपूट न्हाई तर काय झालं? दात तर हायेत," असं म्हणून ते हातपाय धुवायला गेले.

पहिला दिवस मी त्यांना हात लावला नाही. घरभेटीला गेलं की बाळंतिणीला काही विचारायच्या आधी मी दारात मिनिटभर नुसती उभी राहायची. बाई कशी बसलीय, बाळ कुठं निजवलंय, चेहरा कसा आहे, एवढं बघून अर्धं काम व्हायचं. तशीच मी क्रेटपुढे पाट टाकून बसले. दोघीही कोपऱ्यात दडून होत्या. नवी जागा, नवा वास, घाबरणारच. पण तासाभराने तांबडी बाहेर आली, पोळीची कड कुरतडली, पुन्हा आत पळाली. काळी हलली नाही. अंगाचा गोळा करून, केस फुलवून बसली होती, थंडीत कोंबडी बसते तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद बदलायला घेतला. तांबडीच्या बाजूला लेंड्याच लेंड्या. काळीच्या कोपऱ्यात चार-दोन, त्याही बारीक आणि कोरड्या. जे पोटात गेलं नाही ते बाहेर कुठून येणार? पोळी तशीच पडलेली. भाताची शितं वाळून गेलेली.

मग मी तांबडीकडेही नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांच्या कडेला पिवळसर खपली होती. मधूनच शिंकत होती. आणि मागच्या पायाने कानामागे सारखी खाजवत होती, इतकी की तिथले केस जाऊन लालसर कातडी दिसायला लागली होती. मुलगी रोज मांडीवर घेऊन बसायची, तिला हे दिसलं नसेल असं नाही. पण लेकराला वाटलं असेल, खाजवतात अशाच.

मी स्वयंपाकघरातला काटा आणला, त्यावर स्टीलचा डबा ठेवला आणि दोघींचं वजन घेऊन जुन्या वहीत लिहिलं. काळीला उचलताना हात तिच्या मागच्या पायाला लागला आणि ती किंचाळली. एवढ्याशा जिवातून एवढा मोठा आवाज! खाली ठेवली तर पाय ओढत कोपऱ्यात गेली. मला वाटलं, आणताना क्रेटमध्ये मुरगळला असेल.

तिसऱ्या दिवशी पुन्हा वजन घेतलं. काळी आणखी उतरली होती. लेकरू हसतं-खेळतं दिसलं तरी काटा खाली आला की मी आईला बसवून घ्यायची. इथे तर लेकरू हसतही नव्हतं.

आता जे सांगते ते सांगायला मला अजून लाज वाटते. फ्रिजच्या दारात अँटिबायोटिकच्या पातळ औषधाची एक बाटली होती. भाची माहेरपणाला आली होती, तिच्या बाळाचं राहिलेलं. मी मनाशी हिशेब केला: तांबडीला शिंका आहेत, डोळे चिकटलेत, म्हणजे जंतूंचा त्रास, तोच काळीलाही लागला असणार. लेकराला पाच मिली, तर हिला दोन थेंब. ड्रॉपरमध्ये दोन थेंब घेतले. काळीला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं. ड्रॉपर तिच्या ओठाला लागला होता.

आणि मी थांबले. उरलेलं औषध शेजारच्या लेकराला पाजणाऱ्या किती बायांना मी रागावले असेन! "डॉक्टर तू हायेस का?" असं त्यांच्या सासूसमोर विचारायची मी. मी ड्रॉपर मोरीत रिकामा केला आणि ह्यांना हाक मारली, "अहो, स्कूटर काढा. जनावरांच्या दवाखान्यात जायचंय."

"उंदराला घेऊन?"

"हो. उंदराला घेऊन."

दवाखान्याच्या पटांगणात एक म्हैस, तीन शेळ्या आणि शिंग मोडलेला एक बैल आधीच उभे होते. मी दोघींना घातलेली टोपली मांडीवर घेऊन बाकावर बसले. बैलवाला म्हणाला, "बाई, कोंबडी हाय का टोपल्यात?" मी ओढणी थोडी बाजूला केली. त्याने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बैलाला घेऊन थोडा लांब सरकला. आमचे हे फाटकापाशी पाठ करून उभे. कुणी ओळखीचं भेटू नये, एवढीच त्यांची इच्छा.

डॉक्टर नवीनच आलेली, माझ्या लेकीच्या वयाची. हातमोजे काढत तिने टोपलीत पाहिलं आणि जे बोलली त्यामुळे ती मला तिथंच आवडली.

"सिस्टर, खरं सांगते. गाय, म्हैस, शेळी, कुत्रं, सगळं रोज हाताखालून जातं. हे मी फक्त कॉलेजात पाहिलंय. मला थोडा वेळ द्या, मी आमच्या सरांना फोन लावते. तोवर एक सांगा, घरी काही औषध दिलंय का?"

मी सांगितलं. देणार होते, दिलं नाही. औषधाचं नावही सांगितलं. तिचा फोनवरचा अंगठा थांबला.

"एक थेंबही नाही ना गेला पोटात?"

"नाही. ओठाला ड्रॉपर लागला होता फक्त."

"मग वाचली. हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध आहे. माणसाच्या लेकराला चालतं. ह्यांच्या पोटात गेलं तर चारा पचवणारे चांगले जंतूच मरतात. चार दिवसांत हातची गेली असती."

  तीस वर्षांत माझ्या हातून चुकीचं औषध कुणाला गेलं नव्हतं आणि निवृत्त झाल्यावर जाणार होतं.

डॉक्टरने काळीला टेबलावर घेतलं. पुढचे दात पाहिले, हिरड्या पाहिल्या. मागच्या दोन्ही गुडघ्यांवरून अलगद बोट फिरवलं. "मुरगळलेला एक पाय असतो. हिचे दोन्ही सांधे सुजलेत. खायला काय मिळत होतं?"

"पोळी, भात, बिस्किट."

"हिरवं?"

"नसावं. बाई बोलली नाही तसं."

हे बोलता बोलता माझ्या डोळ्यांपुढे ट्रेनिंगचा वर्ग उभा राहिला. फळ्यावर जीवनसत्त्वांचा तक्ता, आणि शिकवणाऱ्या मॅडम आम्हाला सांगतायत की बहुतेक जनावरं स्वतःचं क जीवनसत्त्व अंगातच तयार करतात. माणसाला ते जमत नाही, माकडाला जमत नाही, आणि गिनीपिगला जमत नाही. आम्ही सगळ्या मुली तेव्हा हसलो होतो, हा गिनीपिग कोण म्हणून.

"डॉक्टर," मी म्हणाले, "हिला स्कर्व्ही तर नाही? क जीवनसत्त्वाची कमी?"

तिने सरांना फोन लावला, काळीची लक्षणं सांगितली आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून सरांचा आवाज येत होता, आणि सर नेमकं तेच विचारत होते. डॉक्टर माझ्याकडे बघून हसली. "सर, सिस्टरनी तुमच्या आधी सांगितलं."

मला दहावीला पहिली आल्यासारखं वाटलं. दहावीला मी पहिली आले नव्हते.

सरांशी बोलून तिने सगळं ठरवलं. काळीला रोज मोजून क जीवनसत्त्व, तेही तोंडाने. पाण्यात कालवून ठेवायचं नाही, पाण्यात त्याचा जोर उतरतो. तांबडीच्या शिंकांसाठी ह्यांच्या पोटाला चालणारं दुसरं औषध. खाज म्हणजे कातडीतले बारीक किडे, त्याचं औषध दोघींनाही, वजनावर मोजून, आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा. पोळी-भात-बिस्किट बंद. वाळलेलं गवत चोवीस तास पुढ्यात हवं, दात झिजायला आणि पोट चालायला. आणि सगळ्यात महत्त्वाचं तिने शेवटी सांगितलं.

"काळी आपण होऊन खाईपर्यंत तुम्ही भरवायचं. ह्यांचं पोट थांबलं की जीव थांबतो. एक दिवससुद्धा उपाशी ठेवायचं नाही."

घरी आल्यावर मी खलबत्ता काढला. गुरांच्या चाऱ्यातला लसूणघास, कोथिंबीर आणि ढोबळी मिरची एकत्र कुटायची, थोडं कोमट पाणी घालून फडक्यातून गाळायची आणि बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायची. काळीला टॉवेलमध्ये गुंडाळायचं आणि पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूने, थेंब थेंब सोडायचं. सरळ घशात सोडलं तर ठसका लागून जीव जाईल. कमी दिवसांच्या लेकरांना वाटी-चमच्याने दूध पाजायला मी कितीतरी बायांना शिकवलं होतं. तोच सगळा प्रकार. घाई केली की सगळं बाहेर.

दर तीन तासांनी हे चाललं. पहिल्या दिवशी सगळं मी केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला आणि जागी झाले तर समोर आमचे हे, मांडीवर टॉवेल, टॉवेलात काळी. सिरिंज त्यांच्या हातात पेनसारखी.

"अहो, जमतंय का तुम्हाला?"

"बोलू नको. गिळायलीय."

शेतात त्यांनी गुरांसाठी लसूणघासाचा एक वाफा लावलेला होता. त्यातला कोवळा कोवळा ते खुडून आणू लागले. बांधावरचं गवत कापून गच्चीवर वाळत घातलं. "ओलं राहिलं तर बुरशी धरंल," म्हणाले, आणि दिवसातून दोनदा वर जाऊन उलटं करून यायचे. गुरांचं सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि दोन दिवसांत त्यांनी गिनीपिगची गणती गुरांत करून टाकली.

ढोबळी मिरची मी स्टँडवरच्या गाड्यावरून आणायची. गाडा एका म्हाताऱ्या चाचांचा होता. फळं विकायचे, बाजूला थोडी भाजी. मी रोज एकच मिरची आणि एकच कच्चा पेरू मागायला लागले तेव्हा चौथ्या दिवशी त्यांनी विचारलंच, "सिस्टर, घरात कोन बीमार हाय?"

मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते गंभीर झाले. "हिरड्यातून खून येतो का?"

"थोडं येतं."

"आमची अम्मी आवळा द्यायची. दात हालले, आवळा. ताप आला, आवळा." त्यांनी गाड्याखालची पिशवी उघडून दोन आवळे माझ्या हातावर ठेवले. "खाऊन बघू द्या तिला. लई आंबट वाटला तर तुमी खावा."

आवळ्याकडे काळीने पाठ फिरवली. तांबडीने मात्र चाटला, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा चाटला.

सहाव्या दिवशी काळीचं वजन उतरायचं थांबलं. वाढलं नव्हतं, पण काल होतं तेवढंच आज होतं. मी काटा पुसून पुन्हा ठेवला आणि पुन्हा वजन घेतलं. तेवढंच. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "ब्रेक लागला म्हन की मग."

आठव्या दिवशी सकाळी मी भरवायची तयारी करत होते. मिरचीच्या लांब चिरा करून ताटलीत ठेवल्या होत्या आणि त्यातली एक सवयीने काळीच्या नाकासमोर धरली. रोज धरायची. ती रोज नाक फिरवायची. त्या दिवशी तिने नाक पुढे केलं. मिशा हलल्या. मी हात दगडासारखा धरला. तिने चिरेचं टोक दातात पकडलं आणि माझ्या बोटांतून हिसकावून घेतलं.

करकर, करकर, करकर. आठ दिवसांत तो आवाज तिच्याकडून पहिल्यांदा आला. चीर तिच्या तोंडात आत आत सरकत गेली आणि संपली. मग तिने वर बघितलं. दुसरी कुठंय?

"अहो!" मी ओरडले. "काळीने मिरची खाल्ली!"

हे अंघोळीला गेले होते. तसेच टॉवेलवर धावत आले. "कोन? काळी? सवताच्या तोंडानं?" आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि तिने तीन चिरा संपवल्या. त्या दिवशी चहाच्या हॉटेलात, स्टँडवर, शेतात, जो भेटेल त्याला ह्यांनी ही बातमी सांगितली. संध्याकाळी शेजारीण मला विचारत होती, "सिस्टर, तुमच्याकडं कोनी मिरची खाल्ली म्हने?"

त्यानंतर दिवस भराभर पालटले. काळीच्या गुडघ्यांची सूज उतरली. पाय ओढणं गेलं. तांबडीच्या शिंका थांबल्या आणि कानामागे मऊ लव आली. किडे अंथरलेल्या फडक्यांत राहू नयेत म्हणून मी कापडं उकळत्या पाण्यातून काढत होते, क्रेट उन्हात टाकत होते. एका सकाळी क्रेटमधून काढून दोघींना ओसरीवर मोकळं सोडलं तर काळी चालता चालता एकदम चारी पायांनी हवेत उडाली, अंगाला झटका दिला आणि धपकन खाली आली. मी घाबरले, फिट आली की काय. डॉक्टरला फोन केला. ती फोनवर हसायला लागली. "सिस्टर, आनंद झाला की अशा उड्या मारतात. सरांना विचारलं होतं मी आधीच."

नंतर काळीचं वजन वाढतच गेलं. मिरची, गवत, पेरूची फोड, वाढणारच. पण मी वही घेऊन बसले तेव्हा मला त्या चढणीत काहीतरी ओळखीचं दिसलं. अशी चढण नुसत्या खाण्याने होत नाही. मी काळीला मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि तळहात तिच्या पोटाखाली सपाट ठेवला. दाबलं नाही. नुसती वाट पाहिली. आणि हाताला आतून हलकीच ढुशी लागली. मग दुसऱ्या बाजूने आणखी एक.

किती पोटांवर ठेवला असेल हा हात! चूक शक्यच नव्हती.

डॉक्टरने दोघींना तपासलं. तांबडीला उलटं धरून पाहिलं आणि टेबलावर ठेवताना म्हणाली, "सिस्टर, ही बहीण नाही. भाऊही म्हणता येणार नाही आता. नर आहे."

पहिल्या वेळी फाटकापाशी थांबलेले आमचे हे त्या दिवशी आत येऊन उभे होते. ते इतके हसले की बाहेरची म्हैस दचकली. "जन्मभर गावाला कुटुंबनियोजन शिकवलं, अन् सवताच्या घरात हे!"

डॉक्टर मात्र हसून झाल्यावर गंभीर झाली. काळी नुकती आजारातून उठलेली. तिचं वय कुणाला माहीत नाही. वय झाल्यावर पहिलीच खेप असेल तर ह्यांची कमरेची हाडं नीट फाकत नाहीत आणि पिल्लू अडतं. "जोर लावतेय आणि वीस-पंचवीस मिनिटांत पिल्लू येत नाही, असं झालं तर एक क्षण थांबायचं नाही, थेट माझ्याकडे. आणि तांबड्याला आजपासून वेगळं करा. बाळंत झाल्या झाल्या काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते."

"हे मला सांगायला नको," मी म्हणाले. पाळणा लांबवा म्हणून मी उभ्या तालुक्याला सांगत फिरले होते. त्याच संध्याकाळी ह्यांनी फळ्या ठोकून दोन कप्प्यांची पेटी केली, मधे बारीक जाळी लावली. तांबडा दोन दिवस जाळीला नाक लावून बसला. काळीने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

दिवस भरत आले तशी ती एखाद्या मोठ्या बटाट्यासारखी दिसू लागली. डॉक्टरने दाखवलं होतं तसं मी रोज बोटाने हलकेच चाचपून पाहायची, हाडं फाकतायत का. आणि एके सकाळी माझं बोट त्या फटीत बसलं. मी जिथे बसले होते तिथूनच म्हणाले, "हाडं सुटली. आता भीती नाही."

दोन दिवसांनी, सकाळचे अकरा वाजले असतील, मी वरण फोडणीला टाकत होते. पेटीतून एक वेगळाच आवाज आला, उचकीसारखा. गॅस बंद केला. काळी पुढे वाकून बसली होती, आणि मी पाट ओढेपर्यंत पहिलं पिल्लू बाहेर आलं होतं. काळं-पांढरं, डोळे टक्क उघडे, अंगावर पूर्ण केस, तोंडात दातसुद्धा. काळीने दोन दातांनी पिशवी फाडली आणि त्याला चाटायला लागली. तेवढ्यात दुसरं आलं, तांबडं. तिची धांदल उडाली, ती दुसऱ्याकडे वळली. आणि लगेच, मागोमाग, तिसरं.

तिसऱ्याकडे बघायला तिला वेळच नव्हता. ते पिशवीतच होतं. तोंडावर पातळ पडदा तसाच. हालचाल नाही.

"अहो, मऊ फडकं द्या. पटकन."

ह्यांनी स्वतःचा धुतलेला बनियन दिला. मी पिल्लू तळहातावर घेतलं, नाकावरचा पडदा नखाने फाडला, तोंड पुसलं, डोकं खाली करून धरलं. बनियनने पाठ चोळायला लागले. हलकेच, पण सोडायचं नाही. माझ्या तोंडून आपोआप निघत होतं, "ये बाळा, ये, ये, ये." उपकेंद्रात मी हेच म्हणायची. 

पिल्लाने तोंड उघडलं. एकदा. मग काहीच नाही. मी चोळत राहिले. मग पुन्हा तोंड उघडलं, छाती हलली, आणि एक बारीक, पण चांगलाच चिडलेला 'कुईक' आला. मी त्याला काळीच्या पोटाशी ठेवलं. तिने त्याला हुंगलं आणि जणू इतका वेळ कुठं होतास असं म्हणत खसाखसा चाटून काढलं.

तिघंही अर्ध्या तासात पायांवर उभी होती. मी हात धुवून आले तर हे अजून पेटीपाशीच बसलेले. डोळे भरलेले. मला वाटलं पिल्लांकडे बघून.

"मी लोकान्ला सांगायचो," ते म्हणाले, "बायको सुया टोचायच्या नोकरीत हाय." मग म्हणाले, "आमी आपले गाडीवर. ड्यूटीवरून आलो, जेवलो, झोपलो. तू रोज हे असं करून यायचीस घरी, अन् भाकरी टाकायचीस. मला म्हाईतच न्हवतं."

लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली होती. बदलीची ऑर्डर, उत्तम कामाचं प्रशस्तिपत्र, निवृत्तीच्या दिवशीची शाल, सगळं माझ्या कपाटात आहे. त्यातल्या कशानेही मला वाटलं नव्हतं ते त्या दिवशी वाटलं.  मी फोडणी पुन्हा गरम करायला गेले आणि ओट्यापाशी एकटीच हसत उभी राहिले.

पिल्लं मोठी झाली तशी घरं बघायला घेतली. नर आणि मादी डॉक्टरने वेळेत वेगळे करून दिले. एक मादी आमच्याकडेच राहिली, काळीजवळ. दोन नर डॉक्टरने स्वतःच्या घरी नेले. देताना मी तिलाच सूचना सांगायला लागले, हिरवं रोज, वजन आठवड्याला. ती हात जोडून म्हणाली, "सिस्टर, मी डॉक्टर आहे."

गेल्या आठवड्यात धर्मापुरीहून एक शिक्षक आले. डॉक्टरनेच फोनवर माझा पत्ता दिला होता. खोक्यात एक पांढरा गिनीपिग, नवा आणलेला, दोन दिवस खात नव्हता. घरच्यांनी सांगितलं होतं की नवी जागा म्हणून रुसलाय. मी त्याला ओसरीवर ठेवलं आणि मिनिटभर नुसती बघत बसले. भूक होती. काकडीच्या फोडीकडे धावत जायचा, तोंडात घ्यायचा आणि सोडून द्यायचा. हनुवटी ओली होती. मी त्याचा वरचा ओठ अलगद उचलला. पुढचे दात वाकडे वाढून एकमेकांत अडकले होते.

"रुसला नाही, सर," मी म्हणाले. "ह्याला खायचंय. दात खाऊ देत नाहीत. पण दाताला मी हात लावणार नाही, ते डॉक्टरचं काम."

शिक्षकांनी घड्याळ पाहिलं. दवाखाना बंद व्हायला थोडाच वेळ होता. मी काही बोलायच्या आत हे स्कूटरची किल्ली घेऊन अंगणात उतरले होते. शिक्षक त्यांच्या गाडीवर पुढे, खोकं माझ्या मांडीवर, आणि आम्ही मागे. दवाखान्याचं दार लावायला घेतलं होतं. ह्यांनी लांबूनच हॉर्न दिला.